डॉक्टर सॉमरव्हेल : एव्हरेस्टहून नेय्यूरास

आपल्या परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यास पर्वताची ओळख बहुधा भूगोलाच्या नकाशावरूनच होते. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची काळी सपाट जमीन, ज्वारी व कापूस यांची शेते, जिंतुरापाशी नेमगिरीसारखी टेकडी आणि गंगाखेडाकडे बालाघाटाचे उंचवटे, एवढाच आपला चढ. अशा सपाटीवर राहणाऱ्यास साहजिकच प्रश्न पडतो की, जेथे पीक येत नाही, देऊळ नाही, किल्ला नाही, अशा हिमाच्छादित शिखरांवर माणसे जीव धोक्यात घालून चढतात तरी कशासाठी? या प्रश्नाची उत्तरे पुष्कळांनी दिली आहेत. उलट प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्यांस या चढाईचे वेड एकदा लागले, ते ती सोडतात कशासाठी?

एडवर्ड व्हिंपर यांचे नाव युरोपातील गिर्यारोहणाच्या इतिहासात अग्रभागी आहे. इ. स. १८६५ च्या जुलै महिन्याच्या १४ व्या तारखेस ते मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचले, आणि उतरताना दोर तुटून सात जणांपैकी चौघे कड्यावरून खाली गेले. त्यानंतर आल्प्समध्ये नवी शिखरे जिंकण्याचा उद्योग व्हिंपर यांनी जवळजवळ बंदच केला. पुढे दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझोवर ते चढले खरे, परंतु पूर्वीचा आवेश उरला नाही. लेस्ली स्टीफन या ग्रंथकारांनी १८६७ साली लग्न झाल्यावर धोक्याच्या चढाया आवरत्या घेतल्या. १९२२ साली पोपपदी बसलेले अकरावे पायस हे तरुणपणी आल्प्समधील नामांकित गिर्यारोहक होते. अधिकार वाढत गेला तसे पर्वत मागे पडले. शोक, संसार आणि अधिकार ही तीन कारणे कोणासही समजण्याजोगी आहेत. परंतु ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्यांना यांपैकी एकही कारण पुरते लागू पडत नाही. वय बत्तीस, शरीर धडधाकट, नाव सर्वत्र झालेले, आणि जगातील सर्वांत उंच शिखर सुमारे दोन हजार फूट उरलेले, अशा वेळी त्यांनी आपल्या आयुष्याची दिशा बदलली, आणि तीही आपल्याच देशातील एका दवाखान्याच्या दारात.

थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी उत्तर इंग्लंडातील केंडल या गावी झाला. घरचा धंदा जोड्यांच्या कारखान्याचा. सांपत्तिक स्थिती उत्तम. घरातील वातावरण धर्मनिष्ठ. केंडलच्या जवळच सरोवरांचा व डोंगरांचा रमणीय प्रदेश असल्यामुळे मुलाचे पाय लवकरच खडकांना लागले, आणि अठराव्या वर्षी ते तेथील गिर्यारोहकांच्या मंडळाचे सभासद झाले. रग्बी येथील शाळेत व पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. सृष्टिविज्ञानात पहिला वर्ग मिळवून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात वैद्यक शिकू लागले. यांखेरीज संगीत आणि चित्रकला या दोन कलांत त्यांची गती हौशी माणसापेक्षा बरीच अधिक होती. हिमालयाची त्यांनी काढलेली चित्रे आजही संग्राहक जपून ठेवतात.

पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात फ्रान्सात गेले. १९१६ सालच्या सोमच्या लढाईत त्यांनी जे पाहिले, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढील हकीकत नीट कळणार नाही. एका तंबूत चार शस्त्रवैद्य शस्त्रक्रिया करीत होते आणि बाहेर गवतावर शेकडो जखमी शिपाई आपली पाळी येण्याची वाट पाहत पडले होते. हात मोकळे होताच सॉमरव्हेल त्यांच्यात जाऊन बसत. त्यांपैकी अनेक जण पाळी येण्यापूर्वीच मरणार हे त्यांना दिसत होते. त्या जखमींनाही ते ठाऊक होते. तथापि दुसऱ्यास मागे सारून मला आधी घ्या, असे म्हणणारा त्यांना एकही आढळला नाही. या अनुभवाने ते युद्धाचे कायमचे विरोधक बनले. वाट पाहणाऱ्या आजाऱ्यांची ती रांग त्यांच्या स्मरणातून गेली नसावी असे मला वाटते. कारण सहा वर्षांनी तशीच रांग त्यांना निराळ्या देशात पुन्हा दिसणार होती.

१९२१ साली वैद्यकाचे शिक्षण पुरे झाले, आणि पुढच्याच वर्षी एव्हरेस्टवर जाणाऱ्या मोहिमेत त्यांची निवड झाली. मोहिमेचे नायक जनरल ब्रूस होते. जॉर्ज मॅलरी यांच्याशी सॉमरव्हेल यांची याच मोहिमेत गाढ मैत्री जडली. तंबूत बर्फाचा वारा ऐकत ते दोघे एकमेकांस शेक्सपिअरची नाटके वाचून दाखवीत. २१ मे १९२२ रोजी मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल हे तिघे, पाठीवर प्राणवायूची नळकांडी न घेता, २६,९८५ फूट उंचीपर्यंत पोहोचले. त्या दिवसापर्यंत पृथ्वीवरील कोणताही मनुष्य आपल्या पायांनी इतका उंच गेला नव्हता. खाली परतताना हिमदंशाने आजारी असलेला त्यांचा चौथा सोबती मॉर्सहेड यास त्यांनी दोरात घेतले. वाटेत एकाचा पाय घसरला, त्याबरोबर दुसरेही ओढले गेले, आणि मॅलरीने बर्फात कुऱ्हाड रोवून सर्वांस सावरले म्हणून चौघेही वाचले. मध्यरात्रीच्या सुमारास ते छावणीत आले, तो तेथे चूल नाही, भांडे नाही आणि पिण्यास थेंबभर पाणी नाही. तेव्हा मुरंबा व आटीव दूध बर्फात कालवून त्यांनी तेच खाल्ले.

येथवरची हकीकत धाडसाची होय. यापुढे जे घडले त्याविषयी सॉमरव्हेल यांना जन्मभर खंत राहिली.

पावसाळा जवळ आला होता आणि डोंगरावर ताजा बर्फ पडला होता. ताजा बर्फ खालच्या जुन्या, कठीण थरास चिकटून बसण्यास काही दिवस लागतात. तोवर त्यावर माणसाचा भार पडला तर संपूर्ण थरच चादरीसारखा खाली सरकतो. हे ठाऊक असूनही मोसमातील अखेरचा प्रयत्न म्हणून ७ जून रोजी मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि चौदा हमाल उत्तरेकडील खिंडीचा चढ चढू लागले. सतरा माणसे चार दोरांत बांधलेली होती, आणि सर्वांत पुढे सॉमरव्हेल वाट पाडीत होते. दुपारी एकाएकी आवाज झाला व उतार हलला. पुढच्या दोरातील माणसे थोडी घसरून थांबली. मागील नऊ हमाल मात्र बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले आणि त्यांच्यावर हिमराशी कोसळली. हातांनी व कुऱ्हाडींनी उकरून दोघांस जिवंत काढता आले. सात जण मरण पावले.

ते सातही जण डोंगरातील गरीब लोक होते. शिखरावर पोहोचण्याची महत्त्वाकांक्षा त्यांची नव्हती; मोहिमेचे ओझे ते मजुरीसाठी वाहत होते. साहेबांच्या दोरातील एकालाही इजा झाली नाही, ही गोष्ट सॉमरव्हेल यांच्या मनाला फार लागली. आपल्यापैकी एक जण तरी त्या बर्फाखाली राहिला असता, तर जे हमाल वाचले त्यांना हा आघात सर्वांनी वाटून घेतला असे वाटले असते, अशा आशयाचे विचार त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्या काळातील मोहिमांच्या पुस्तकांत हमालांच्या मृत्यूचा उल्लेख पुष्कळदा सामानाच्या हानीप्रमाणे एका वाक्यात येतो; त्या मानाने सॉमरव्हेल यांची ही वेदना निराळी होती. या मोहिमेच्या सर्व सभासदांस १९२४ साली शामोनी येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक देण्यात आले. सॉमरव्हेल हे म्हणून ऑलिंपिक पदकाचे मानकरी आहेत. परंतु त्यांचे जे काही महत्त्व आहे, ते त्या पदकामुळे नव्हे.

मोहीम संपल्यावर जवळच्या थोड्या पैशांत हिंदुस्थान पाहून घ्यावा या हेतूने ते प्रवासास निघाले. हिंडत हिंडत ते थेट दक्षिणेच्या टोकाशी, त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर या खेड्यात आले. हे गाव आज तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात मोडते. तेथे लंडन मिशनरी सोसायटीचे वैद्यकीय काम १८३८ सालापासून चालू होते, आणि डॉक्टर प्यू हे त्यांचे परिचित तेथील रुग्णालय सांभाळीत होते. सॉमरव्हेल पाहुणे म्हणून गेले. त्यांनी पाहिले ते असे : शस्त्रक्रिया करणारा माणूस एकच, तो कामाने थकून गेलेला, आणि ओटीवर, अंगणात, झाडाखाली रोगी बसलेले. कोणी अनेक कोसांवरून पायी आलेला, कोणास खाटेवर घालून आणलेले. आपल्या मराठवाड्यातील वाचकास याचे चित्र रंगवून सांगण्याची जरूर नाही. रोग्याबरोबर आलेली माणसे भाकरीचे गाठोडे सोडून दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसली आहेत, आणि डॉक्टर आज पाहतील की उद्या हे कोणासच ठाऊक नाही, हा देखावा आपल्या ओळखीचा आहे.

सॉमरव्हेल यांनी बाह्या सरसावल्या व प्यू यांच्या मदतीस उभे राहिले. रोगी संपेनात. लंडनात त्यांच्या जाण्याने कोणाचे अडणार नव्हते. तेथे एका जागेसाठी दहा लायक शस्त्रवैद्य उभे राहिले असते. येथे लाखो लोकांच्या मुलखात एक मनुष्य कमी असल्याने माणसे मरत होती, आणि तीही ज्या रोगांवर इलाज माहीत होता त्यांनी. हा हिशेब सोपा होता, आणि तो डोळ्यांसमोर आल्यावर त्यांनी फार दिवस घोळ घातला नाही. लंडनच्या रुग्णालयात आपल्यापुढे असलेली मानाची जागा सोडून ते नेय्यूरास येण्याचे ठरवून इंग्लंडास गेले, आणि १९२३ साली मिशनचे डॉक्टर म्हणून परतले.

त्यांच्या या निर्णयास हिमप्रपाताचे ते सात मृत्यू कितपत कारण झाले, असा प्रश्न वाचक विचारील. त्यांनी स्वतः नेय्यूरच्या दृश्यासच कारण म्हटले आहे, आणि त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणे योग्य. तथापि कालक्रम पाहिला असता जूनमध्ये सात माणसे डोळ्यांदेखत गेली, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत हा निश्चय झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता असे मानणे मला तरी जड जाते.

येथे एक शंका घेता येईल. एव्हरेस्ट सोडले म्हणता, मग १९२४ साली ते पुन्हा तेथे गेले कसे? गोष्ट खरी आहे. मिशनने त्यांस रजा दिली आणि ते तिसऱ्या मोहिमेत सामील झाले. ज्याचे आयुष्य बदलले त्याच्या आवडी एका रात्रीत बदलत नाहीत. मात्र या वेळी ते मिशनचे डॉक्टर होते आणि ठरल्या दिवशी त्यांना कामावर परत जावयाचे होते.

त्या मोहिमेतील एक प्रसंग पुस्तकांत शिखराच्या गोष्टीखाली झाकला जातो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. मे महिन्यात वादळामुळे सर्वांस खाली यावे लागले आणि चार हमाल २३,००० फुटांवरच्या खिंडीत अडकून पडले. ज्या उतारावर दोन वर्षांपूर्वी सात जण गेले, तोच हा उतार. आणि बर्फही तसाच ताजा. नॉर्टन, मॅलरी व सॉमरव्हेल हे तिघेही आजारी होते. सॉमरव्हेल यांचा घसा खोकल्याने फाटून निघाला होता. तरीही २४ मे रोजी ते तिघे वर निघाले. शेवटच्या धोक्याच्या पट्टीवर सॉमरव्हेल दोर बांधून एकटे आडवे गेले. दोर संपला, आणि हमालांपासून ते अद्याप काही हात दूरच होते. दोन हमाल जपून पावले टाकीत त्यांच्यापर्यंत आले. उरलेले दोघे घाबरून एकदमच निघाले, त्यांच्या पायांखालचा बर्फ सुटला आणि ते कड्याच्या दिशेने घसरत जाऊन अगदी थोडक्यात अडकले. सॉमरव्हेल यांनी त्यांना हलू नका असे शांतपणे बजावले. मग स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड बर्फात खोल ठोकून तीस तो अडकविला, आणि एका हाताने दोराचे टोक धरून अंग लांबवीत दुसऱ्या हाताने एकेकास मानगुटीस धरून वर ओढले. चौघेही जिवंत खाली आले.

या श्रमाने तिघांचीही शक्ती खर्ची पडली. पण सात जणांचा भार ज्याच्या मनावर होता, त्याला शिखराहून या चार जिवांचे मोल अधिक वाटले असणार यात मला संशय नाही.

त्यानंतर अकराच दिवसांनी, ४ जून १९२४ रोजी, नॉर्टन व सॉमरव्हेल हे प्राणवायूच्या मदतीवाचून शिखराकडे निघाले. त्या उंचीवर समुद्रकाठच्या मानाने तिसऱ्या हिश्शाएवढीच हवा असते. एका पावलासाठी आठ-दहा श्वास घ्यावे लागत. सुमारे २८,००० फुटांवर सॉमरव्हेल यांचा घसा इतका सुजला की त्यांनी नॉर्टनला पुढे जाण्यास सांगून स्वतः एका खडकावर बैठक मारली. नॉर्टन २८,१२६ फुटांपर्यंत जाऊन परतले. उतरताना सॉमरव्हेल यांच्या घशात काहीतरी अडकून श्वास पूर्णपणे बंद झाला. नॉर्टन पुढे चालत होते. हाक मारण्यास आवाज नव्हता. आता मरण आले असे समजून ते बर्फावर बसले. अखेरचा उपाय म्हणून दोन्ही हातांनी छाती जोराने दाबली, आणि अडथळा सुटून बाहेर पडला. थंड कोरड्या हवेने गोठून गेलेले स्वरयंत्राचे आतील अस्तरच ते होते. दुःख भयंकर झाले, परंतु श्वास मोकळा झाला.

मॅलरी वर जाण्यास निघाले तेव्हा सॉमरव्हेल यांनी आपला लहान कॅमेरा त्यांना दिला. ८ जून रोजी मॅलरी व आयर्विन ढगांत दिसेनासे झाले. मॅलरींचा देह १९९९ साली सापडला, पण त्यांच्याजवळ कॅमेरा मिळाला नाही.

सॉमरव्हेल नेय्यूरास परतले. १९२५ साली मार्गारेट होप सिम्पसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांस तीन मुलगे झाले. १९२६ साली सुटीत ते नंदादेवीच्या परिसरात फिरून आले, कारण डोंगरांची ओढ सुटली नव्हती. परंतु १९३३, १९३६ व १९३८ या सालांत एव्हरेस्टवर नव्या मोहिमा गेल्या, त्यांत सॉमरव्हेल नव्हते. ज्या वर्षांत त्यांचे जुने सहकारी हिमनदीवर तंबू ठोकीत होते, त्या वर्षांत ते नारळीच्या प्रदेशातील दमट उकाड्यात जठराच्या शस्त्रक्रिया करीत होते. त्या भागात गरिबांच्या आहारात साबुकंद व तिखट यांचे प्रमाण फार आणि आतड्याच्या तोंडाशी होणारा व्रण अतिशय आढळे. रोगी वर्षानुवर्षे वेदनेने तळमळत. सॉमरव्हेल या शस्त्रक्रियेत इतके निष्णात झाले की १९४८ साली त्यांनी जठर व त्यापुढील आतडे यांच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथच प्रसिद्ध केला. पानतंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर नेय्यूर येथे रेडियमचे उपचार होत, आणि कुष्ठरोग्यांसाठी निराळे आश्रयस्थान होते. आपल्याकडे मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी १८९४ पासून जे उभे केले, त्याच जातीचे हे काम होते, असे म्हटले म्हणजे मराठी वाचकास त्याची कल्पना येईल.

त्यांचे आत्मवृत्त १९३६ साली निघाले, त्याचे नावच एव्हरेस्टनंतर अशा अर्थाचे आहे. १९३८ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. स्वराज्य आल्यावरही ते देश सोडून गेले नाहीत. १९४९ साली ते वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रवैद्यक शिकवू लागले आणि १९६१ पर्यंत तेथे होते. जो मनुष्य एकट्या नेय्यूरात एक जागा भरण्यास आला होता, त्याने शेवटची बारा वर्षे इतर अनेक जागा भरणारे तरुण तयार करण्यात घालविली. माझ्या मते ही त्यांची सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय, आणि तिचा बोलबाला सर्वांत कमी झाला.

जवळजवळ अडतीस वर्षांच्या हिंदुस्थानातील वास्तव्यानंतर ते आपल्या सरोवरांच्या प्रदेशात अँबलसाइड येथे राहण्यास गेले. १९६२ ते १९६५ पर्यंत इंग्लंडातील अल्पाइन क्लबचे ते अध्यक्ष होते. म्हणजे गिर्यारोहकांनी त्यांना आपल्यातून गेलेला मानले नव्हते. म्हातारपणीही ते डोंगरांची चित्रे काढीत असत. २३ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचा अँबलसाइड येथे अंत झाला. नेय्यूरचे रुग्णालय अद्याप चालू आहे, आणि केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील काराकोणम येथील वैद्यकीय महाविद्यालयास सॉमरव्हेल यांचे नाव दिलेले आहे.